विक्रीच्या यादीत काय काय लिहावे

जून 2004 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली की जनरल मोटर्स आपला इलेक्ट्रो-मोटिव्ह विभाग, म्हणजेच रेल्वेची लोकोमोटिव्ह बनवणारी ईएमडी, विकण्याच्या विचारात आहे. मी तेव्हा त्या विभागात सुट्या भागांच्या ड्रॉइंगचे काम पाहत होतो. रोज सकाळी मेट्राच्या, म्हणजे शिकागोच्या उपनगरी रेल्वेच्या, लोकलने ला ग्रेंज रोड स्थानकावर उतरायचे आणि तिथून एका सहकाऱ्याच्या गाडीतून कारखान्यात जायचे, असा माझा क्रम होता. त्या लोकलला जोडलेले एफ40 लोकोमोटिव्हही ईएमडीनेच बांधलेले असे. त्या दिवशी गाडीत बसताच सहकाऱ्याने वर्तमानपत्र माझ्या हातात ठेवले, आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.

शिकागोजवळचा हा कारखाना प्रत्यक्षात मॅकूक नावाच्या छोट्या गावाच्या हद्दीत आहे. टपालाच्या पत्त्यामुळे सगळे जग त्याला ला ग्रेंज म्हणते. 1922 मध्ये क्लीव्हलँडला सुरू झालेली मूळ कंपनी जनरल मोटर्सने 1930 मध्ये विकत घेतली आणि 1936 पासून ला ग्रेंजमधून लोकोमोटिव्ह बाहेर पडू लागली. वाफेच्या इंजिनांना अमेरिकेतून निरोप देण्यात या जागेचा वाटा सर्वांत मोठा. 1939 मध्ये निघालेल्या एफटी जातीच्या 103 क्रमांकाच्या प्रात्यक्षिक लोकोमोटिव्हने वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर 83,764 मैल धावून दाखवले, आणि मालगाडीलाही डिझेल पुरते हे सिद्ध केले. त्या दौऱ्याचे छायाचित्र आमच्याकडे अनेकांनी आपल्या टेबलाशी लावलेले असे. मीही लावले होते.

बातमीनंतर काही आठवड्यांनी माझ्याकडे एक काम आले आणि पुढचे कित्येक महिने मी तेच करत राहिलो. ईएमडी ही स्वतंत्र कंपनी नव्हती, जनरल मोटर्सचा एक विभाग होती, ही साधी वाटणारी गोष्ट विक्रीच्या वेळी सर्वांत अवघड ठरते. स्वतंत्र कंपनी विकायची असेल तर तिचे समभाग एका हातातून दुसऱ्या हातात जातात आणि आतले सारे आपोआप बरोबर जाते. विभाग विकायचा तर आधी तो घरातून वेगळा काढावा लागतो. एकत्र कुटुंबातल्या एका भावाला वाटणी देताना भांडीकुंडी, विहिरीचे पाणी आणि बांधावरचे आंब्याचे झाडदेखील कागदावर आणावे लागते, तसेच हे. कोणती यंत्रे, कोणत्या इमारती, कोणती पेटंट, कोणते करार, कोणती ड्रॉइंग, सारे यादीत लिहायचे, कारण जे यादीत नाही ते नव्या मालकाकडे जाणार नाही. ड्रॉइंगच्या यादीतला एक तुकडा माझ्या वाट्याला आला होता.

सुरुवातीला मला वाटले की हे कारकुनी काम आहे. संगणकातून क्रमांक काढायचे, तक्ता करायचा आणि वकिलांकडे पाठवायचा. पहिल्याच आठवड्यात हा समज गेला. काही ड्रॉइंगवर पोलादाची प्रत किंवा रंगाचा थर सांगताना जनरल मोटर्सच्या मानकाचा क्रमांक घातलेला होता. ते ड्रॉइंग आमचे, पण ते मानक आमचे नाही. मग विक्रीनंतर ते वापरण्याची परवानगी वेगळी मागायला हवी. एसी ट्रॅक्शनच्या, म्हणजे एसी मोटरवर चाके फिरवणाऱ्या, आधीच्या लोकोमोटिव्हमधले इन्व्हर्टर सीमेन्सबरोबर केलेल्या कामातून आलेले होते, त्यामुळे त्यांच्या आतले कागद आमच्या मालकीचे नव्हते. आमचे होते ते फक्त त्यांना लोकोमोटिव्हमध्ये बसवण्याचे. कित्येक जुने भाग असे होते की त्यांचे मूळ ड्रॉइंग कापडी ट्रेसिंगवर हाताने काढलेले, आणि त्यावर पन्नास वर्षांच्या दुरुस्त्यांची नोंद कोपऱ्यातल्या चौकटीत एकाखाली एक अशी होती. त्या चौकटीत कोणाकोणाची आद्याक्षरे होती हे मी वाचत बसे. त्यातली बहुतेक माणसे निवृत्त झालेली, काही हयातही नसतील, पण कोणत्या वर्षी कोणत्या त्रासामुळे बोल्टची जागा पाव इंच सरकवली हे त्यांनी लिहून ठेवले होते. असे एक ड्रॉइंग यादीत लिहायला एक ओळ पुरते.

याच काळात एका रविवारी पुण्याला फोन केला. बाबा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते आणि तेव्हा निवृत्त होऊन घरीच असत. मी विक्रीची बातमी सांगितली तेव्हा आई आधी घाबरली. “अरे, मग नोकरीचं काय? घर घेणार होतास ना या वर्षी?” असे तिने विचारले, आणि मी “बघू गं” एवढेच म्हणालो. बाबांनी मात्र फोन हातात घेऊन वेगळाच प्रश्न केला. “आल्को कंपनी तर मी नोकरीला लागलो त्याच्या आधीच बंद झाली होती. जन्मभर तिचीच इंजिनं उघडली आणि मिटवली आम्ही. मालक कोण येतोय ते नंतर बघ. पार्ट कोण देणार, ते विचार.”

बाबांचे म्हणणे शब्दशः खरे होते. आल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीची. 1969 मध्ये तिने लोकोमोटिव्ह बनवणे थांबवले आणि तिचे डिझाइन माँट्रियलच्या कारखान्याकडे गेले. पण त्याआधीच भारताने तिच्याकडून परवाना घेतला होता, आणि 1964 पासून वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून 2,600 अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-2 बाहेर पडू लागली होती. कंपनी संपली तरी तिची लायनर, पिस्टन आणि टर्बो वाराणसीत आणि इतरत्र घडत राहिले, म्हणून घोरपडीच्या शेडमध्ये बाबांचे काम चालू राहिले. लोकोमोटिव्ह घेणारी रेल्वे तीस-चाळीस वर्षांच्या हिशेबाने घेते. त्या चाळीस वर्षांत भाग मिळत राहतील असे वचन तिने पैशाबरोबर विकत घेतलेले असते, आणि मी ज्या याद्या करत होतो ती त्या वचनाची यादी होती, हे मला त्या फोननंतर कळले. पुढे मी काम करण्याची पद्धत बदलली. क्रमांकांच्या क्रमाने जाण्याऐवजी मी रुळांवर अजून धावणाऱ्या मॉडेलांपासून सुरुवात केली आणि प्रत्येकासाठी विचारले की याचा कोणता भाग उद्या कोणी मागितला तर तो बनवायला लागणारे सारे कागद यादीत आहेत का.

शरद ऋतूत इच्छुक खरेदीदारांची माणसे येऊ लागली. कागदपत्रांसाठी एक बंद खोली ठेवलेली होती. तिला सगळे डेटा रूम म्हणत. दारात वहीवर सही करून आत जायचे, जाड फायली तिथेच बसून वाचायच्या आणि प्रश्न लेखी द्यायचे, अशी शिस्त होती. आम्ही गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या होत्या, त्यामुळे कोण आले, कोणत्या संस्थेचे आले, हे घरीही बोलायचे नसे. कारखाना दाखवताना मात्र तांत्रिक प्रश्नांसाठी आमच्यापैकी कोणीतरी सोबत लागे.

अशाच एका फेरीत एका तरुण विश्लेषकाने, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा आणि पायांत नवे करकरीत बूट, मला विचारले की नव्या लोकोमोटिव्हची विक्री दरवर्षी एवढी वरखाली होते, मग सुट्या भागांचे आकडे इतके स्थिर कसे. त्याला मी पॉवर असेंब्लीच्या मांडणीजवळ घेऊन गेलो. आमच्या दोन-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड हे सारे मिळून एक संच असतो. इंजिन पूर्ण न उतरवता एका सिलिंडरचा संच काढून दुसरा बसवता येतो. इंजिनांची नावेही सरळ आहेत. 567, 645 आणि 710 हे आकडे म्हणजे एका सिलिंडरची घन इंचांतली क्षमता. 645 हे इंजिन 1960 च्या दशकातले, पण त्याची पॉवर असेंब्ली 1950 च्या दशकातल्या 567सी इंजिनाच्या क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात, बसते, कारण ज्यांनी नवे इंजिन आखले त्यांनी जुन्या गिऱ्हाइकाचा विचार आधी केला होता. मी त्याला संचाच्या कडेवरून हात फिरवायला सांगितले. तेल लागलेला हात पुसत त्याने वहीत बराच वेळ काही लिहिले. मग त्याने विचारले, तुमच्या जुन्या एसडी40-2 लोकोमोटिव्ह अजून किती धावत असतील? 1972 पासून जवळजवळ 4,000 बनल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य तेव्हाही कामावर होत्या, एवढे मी सांगितले. त्याला हवे असलेले उत्तर त्यात होते असे त्याच्या चेहऱ्यावरून दिसले.

दुसरा प्रश्न सगळेच विचारत, आणि तो योग्यच होता. 1 जानेवारी 2005 पासून नव्या लोकोमोटिव्हला धुराचे टियर 2 नियम लागू होणार होते. एसडी70एसीई हे नवे मॉडेल त्यासाठीच तयार केले होते आणि 710 इंजिन त्या कसोटीला उतरत होते. पण त्यापुढच्या नियमांत दोन-स्ट्रोक इंजिन टिकेल का? आमच्या खात्यातले ज्येष्ठ या प्रश्नावर जपून बोलत. प्रतिस्पर्धी जनरल इलेक्ट्रिक चार-स्ट्रोकचे नवे इंजिन घेऊन उतरत होती आणि ऐंशीच्या दशकातच तिने आम्हाला मागे टाकले होते. आज मागे वळून पाहता ती शंका खरी ठरली असे म्हणावे लागते: टियर 3 पर्यंत 710 पुरले, टियर 4 साठी मात्र ईएमडीला चार-स्ट्रोकचे नवे इंजिन आणावे लागले. खरेदीदार ज्या गोष्टीची किंमत कमी करायला पाहत होते त्या बाबतीत त्यांचे गणित बरोबर होते, आणि ज्या गोष्टीला आम्ही मोठे मानत होतो ती तेवढीच मोठी होती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, हे त्या वयात मला पटायला वेळ लागला.

क्रँककेसच्या विभागातला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. आमच्या इंजिनाची क्रँककेस ओतीव नसते. पोलादाच्या पाट्या वेल्ड करून ती उभारतात. वेल्डिंग कोणत्या क्रमाने करायचे यावर सारे अवलंबून, कारण एका बाजूला उष्णता जास्त झाली की लांबच लांब सांगाडा केसभर वाकतो आणि पुढे बोअरिंगला, म्हणजे भोके कोरून घेताना, सरळ लागत नाही. क्रम कागदावर होताच. पण खरेदीदारांच्या एका अभियंत्याने एका वेल्डरला काम करताना पाहून विचारले की कागदात नसलेल्या जागी तो मध्येच का थांबतो. वेल्डर हेल्मेट वर करून म्हणाला की पाटी कशी “बोलते” ते ऐकण्यासाठी; थंड होताना ती बारीक टिकटिक करते, आणि ती थांबली की पुढचा जोड घ्यायचा. अभियंत्याने माझ्याकडे वळून विचारले, “हे यादीत आहे का?” ते यादीत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्या वेल्डरशेजारी उभा राहिलो. तीन दिवस उभा राहिलो. प्रत्येक थांबा किती वेळाचा, कोणत्या जोडानंतर, पाटीला हाताची पाठ किती जवळ नेता येते, हे सारे त्याने सांगितले आणि मी लिहून घेतले. तो मला सारखे विचारत होता की हे लिहून झाले की त्याची गरज संपेल का. मी त्याला खरे तेच सांगितले, की मला तसे वाटत नाही, पण माझ्या वाटण्याला फारसा अर्थ नाही.

माझ्या स्वतःच्या काळजीचे नाव ग्रीनकार्ड होते. माझा अर्ज जनरल मोटर्सच्या नावाने भरलेला होता, आणि मालक बदलला तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो की काय, या विचाराने आम्ही उभयता रात्री उशिरापर्यंत जागत असू. वकिलाने समजावले की खरेदी करणारी कंपनी जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्या आपल्या अंगावर घेत असेल, तर कायद्याने ती उत्तराधिकारी ठरते आणि दुरुस्तीचा अर्ज भरून जुना क्रम टिकवता येतो. म्हणजे करारातल्या एका कलमावर आमच्या घराचा प्रश्न लटकला होता. ते कलम मी पाहू शकत नव्हतो. घराचा बेत आम्ही पुढे ढकलला, मुलीच्या शाळेची चौकशी थांबवली, आणि शनिवार-रविवारी शिकागोच्या मराठी मंडळींत कोणी विषय काढला तर दुसऱ्याच गोष्टींवर बोललो.

ऑक्टोबरात कॅनडातल्या लंडन गावी, ऑन्टारियो प्रांतात, दोन आठवडे जावे लागले. 1950 साली सुरू झालेल्या त्या कारखान्यात तेव्हा लोकोमोटिव्हची अंतिम जुळणी होई. ला ग्रेंज इंजिने आणि मोठे भाग बनवून तिथे पाठवी. तिथले लोक आमच्यापेक्षा अधिक शांत होते, किंवा मला तसे वाटले. जुळणीच्या मार्गावर रंग न दिलेला एसडी70एसीईचा सांगाडा उभा होता आणि त्याच्या पोटात दोन स्त्रिया वायरिंगचे जुडगे बांधत होत्या. ड्रॉइंगवर सरळ रेषेत दाखवलेला जुडगा प्रत्यक्षात कुठे वळवावा लागतो हे त्यांनी मला बोट धरून दाखवले, आणि मी त्यानुसार तीन ड्रॉइंग दुरुस्त केली. 3 फेब्रुवारी 2012 रोजी, कंपनी पुन्हा एकदा विकली गेल्यानंतर, तो कारखाना बंद करत असल्याचे जाहीर झाले. मला प्रथम त्या दोघी आठवल्या.

12 जानेवारी 2005 रोजी जनरल मोटर्सने अधिकृत पत्रक काढले: ग्रीनब्रायर इक्विटी ग्रुप आणि बर्कशायर पार्टनर्स यांच्या नेतृत्वाखालच्या गटाला ईएमडी विकण्याचे ठरले आहे. आदल्या दिवशीच वृत्तसंस्थांनी तशी कुजबुज छापली होती. त्या संध्याकाळी मला आलेल्या फोनांपैकी निम्म्यांत लोकांनी विचारले की वॉरन बफेने तुमची कंपनी घेतली का, आणि प्रत्येकाला सांगावे लागले की बोस्टनची बर्कशायर पार्टनर्स आणि बफे यांची बर्कशायर हॅथवे यांचा काहीही संबंध नाही. ग्रीनब्रायरचीही तीच गत. मालडबे बनवणारी त्याच उच्चाराची कंपनी वेगळी, ही गुंतवणूक संस्था वेगळी. खासगी गुंतवणूक संस्था कंपनी काही वर्षे सांभाळतात, सुधारतात आणि पुढे विकतात, हे आम्हाला माहीत होते. तसेच घडले. 1 जून 2010 रोजी कॅटरपिलरने 82 कोटी डॉलरना ईएमडी घेत असल्याचे जाहीर केले. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 1 जून 2009 रोजी, जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. 2005 मध्ये विक्री झाली नसती तर आम्ही त्या दिवशी कुठे असतो, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

जानेवारी ते एप्रिल हा काळ भराभर गेला. नव्या मालकाबरोबर कामगारांचे करार, पगाराची नवी व्यवस्था, विम्याचे अर्ज, संगणकांची विभागणी. यादीतल्या चुका शोधायला आलेल्या वकिलांचे प्रश्न रोज येत. भारताबरोबरचा करार तपासताना मी विशेष काळजी घेतली. 1995 मध्ये भारतीय रेल्वेने 4,000 अश्वशक्तीच्या 21 जीटी46मॅक लोकोमोटिव्हची मागणी नोंदवली आणि तंत्रज्ञानही घेतले. 1999 मध्ये ती भारतात पोचली, हुबळीच्या शेडला दिली गेली, आणि 2002 पासून वाराणसीत तीच डब्ल्यूडीजी-4 नावाने बनू लागली. ज्या कारखान्यातून बाबांच्या आल्को आल्या त्याच कारखान्यात आता आमचे 710 इंजिन बनत होते. त्या कराराशी जोडलेले प्रत्येक ड्रॉइंग मी तीनदा मोजले.

4 एप्रिल 2005, सोमवार. व्यवहार पूर्ण झाला. इलेक्ट्रो-मोटिव्ह डिव्हिजन ही आता इलेक्ट्रो-मोटिव्ह डिझेल झाली होती, त्यामुळे ईएमडी ही आद्याक्षरे कायम राहिली आणि लोकोमोटिव्हच्या अंगावरचा तेवढा रंग खरवडावा लागला नाही. दुपारी वकिलाचा फोन आला की उत्तराधिकाराचे कलम करारात आहे, दुरुस्तीचा अर्ज भरता येईल. मी पत्नीला कळवले आणि ती काही न बोलता फोनवर रडली.

टेबलावर एका छोट्या रेल्वे कंपनीची चौकशी पडलेली होती. त्यांच्याकडच्या एसडी40-2 साठी एका कंसाचे, म्हणजे ब्रॅकेटचे, ड्रॉइंग हवे होते. जुन्या सूचीत क्रमांक सापडत नव्हता. मी यादी उघडली. तो भाग ऑक्टोबरात मीच घातला होता, कापडी ट्रेसिंगवरून, कोपऱ्यात सात दुरुस्त्यांसह. क्रमांक लिहिला, खाली नव्या कंपनीचे नाव टाकून सही केली, आणि रात्री पुण्याला फोन लावून बाबांना सांगितले की पार्ट मिळणार आहेत.